पेटीसाठी सोडलेली जागा

आमच्या ललितला मशीनच्या सुईत दोरा कोणत्या बाजूने ओवायचा हे आजही ठाऊक नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझा सख्खा धाकटा भाऊ आहे, त्याचं वाईट चिंतत नाही. पण खरं ते खरं. नंतर कोणी म्हणायला नको की मोहिनीने घरातलं बाहेर काढलं. काढतेच आहे मी, सरळ काढतेय.

मी शिलाई मशीन दुरुस्त करते. नाशिकरोडहून एकलहऱ्याला जाताना डाव्या हाताला आमचं घर आहे. अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा शेजारणींनी वर्षभर विचारलं, नांदायला कधी जाणार? आता विचारत नाहीत. आता त्यांची मशीन अडली की मलाच हाका मारतात.

हे काम मूळचं आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. सावळीराम मिस्त्री म्हटलं की इकडे विंचूरपासून तिकडे पेठपर्यंत शिंपी लोक मान डोलवतात. चाळीस वर्षं त्यांनी सायकल हाणली. कॅरियरवर सागवानी पेटी, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, आत सगळी हत्यारं. सहा वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. पाय सुधारला, हात काही सुधारला नाही. मग ते खुर्चीत बसून सांगायचे आणि मी करायचे. "हळू. अजून हळू. आता पेच आवळ. गाढवासारखी आवळू नको." अशा शिव्या खात खात मी शिकले. दोन वर्षांत सांगायचं थांबले, कारण सांगण्यासारखं उरलं नाही. पण लोकांपुढे एकदा तरी "माझी पोरगी मिस्त्री झाली" म्हणाले असतील तर शपथ. कोणाचा फोन आला की म्हणायचे, "पोरगी येऊन बघून जाईल." बघून जाईल म्हणे! मी काय देवदर्शनाला जात होते?

मागच्या वर्षी मी जुनी छोटी गाडी घेतली. इतकी छोटी की मामा सहादू पहिल्यांदा बसले तेव्हा म्हणाले, "ही गाडी घालायची का बसायची?" ललितने तर मोठीच गंमत केली. तो मोबाइलच्या दुकानात कामाला, त्याला वाटतं जगात सगळं रेडीमेडच मिळतं. म्हणाला, "ताई, यात मशीनचं एक पायडलसुद्धा मावणार नाही. व्हॅन घ्यायची होती."

"मावत नाही ते मी मावून घेईन," मी म्हणाले, आणि त्याच रविवारी करवत काढली.

घरात मोडका दिवाण पडला होता. त्याच्या प्लायवूडचा सांगाडा केला आणि मागची सीट पाडून त्यावर बसवला. ड्रॉवर म्हणून द्राक्षाचे बुटके कॅरेट घेतले, हे आपले प्लास्टिकचे, बागेत लागतात ते. एक दांडा फुटला म्हणून लोक टाकून देतात. दोन थर, प्रत्येक थरात तीन. वरच्या थरात सुट्टे भाग, खालच्यात अवजड सामान. टपाला आतून शेडनेट ताणली, त्यात मशीनचे पट्टे आणि कापडं. पुढच्या सीटच्या पाठीला जुन्या जीनचे खिसे उसवून शिवले. मोजून चौदा खिसे. एकेका खिशात एकेक बारकी वस्तू: दात घासायचे जुने ब्रश, नखाची कानस, पॉलिश पेपर, तेलाची कुपी. बिघडलेल्या स्पीकरचं लोहचुंबक दाराला चिकटवलं, म्हणजे काढलेला पेच तिथे डकवायचा, हरवायला नको. हे सगळं मी कुठल्या व्हिडिओत बघून केलं नाही. रोज हात कुठे जातो ते बघितलं आणि तिथे वस्तू ठेवली.

पहिल्याच फेरीत फजिती झाली, तीही सांगते. सावळघाट चढताना सगळे ड्रॉवर एकदम मागे सरकले, डिकीच्या दारावर आपटले आणि तीनशे पेच, स्प्रिंगा, वॉशर सगळीकडे. आठवडाभर ब्रेक मारला की सीटखालून एक वॉशर गडगडत यायचा. आप्पा पोट धरून हसले. "माझी पेटी चाळीस वर्षांत कधी उघडली नाय," म्हणाले. मी रागारागाने मागच्या पडवीत गेले, त्यांच्या त्या गंजलेल्या सायकलीची ट्यूब काढली, कापून रुंद रबरं केली आणि प्रत्येक ड्रॉवरला आडवी लावली. त्यानंतर एक पेच सांडला असेल तर नाव बदलेन.

आणि एक गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. ड्रायव्हरच्या सीटमागे, सांगाड्याच्या डाव्या अंगाला, मी एक जागा रिकामी सोडली होती. खाली गोधडीचा तुकडा, बाजूला जुन्या दप्तराचा पट्टा. आप्पांची पेटी तिथे बसणार होती. त्यांच्या नकळत मी पेटीचं माप घेतलं होतं. त्यांनी पेटी माझ्या हातात द्यावी आणि मी ती तिथे ठेवावी, एवढंच मला हवं होतं. चाळीशीच्या बाईने असलं स्वप्न बघावं का? बघितलं. लाज नाही वाटत मला.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. आप्पांची रीत कडक. घरातलं यच्चयावत हत्यार धुऊन, पुसून पेटीत बसलं पाहिजे. मग पेटीवर हळदकुंकू, झेंडू, नारळ. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही. मी सकाळी आंघोळ करून गाडीतली सगळी हत्यारं काढली. पेचकस, पान्हे, पक्कड, आप्पांनी स्वतः घासून बारीक केलेला आखूड पेचकस, आणि ती पितळी पट्टी, जिच्याशिवाय ते मशीनचं टायमिंग लावू द्यायचे नाहीत. सगळं तेलाच्या फडक्याने पुसलं आणि एकेक करून पेटीत ठेवलं. माझ्याच हाताने ठेवलं, हे लक्षात घ्या.

पूजा झाली. मामा सहादू होते, आई होती, ललित नवा शर्ट घालून आला होता. आप्पांनी डाव्या हाताने नारळ उचलला आणि म्हणाले, "आजपासून पेटी ललितची. तो दुकान टाकतोय. सावळीराम अँड सन. बोर्ड रंगवायला दिलाय."

मला आधी समजलंच नाही. मी आईकडे बघितलं, ती नैवेद्याच्या ताटाकडे बघत होती. म्हणजे तिला ठाऊक होतं.

"ललित काय करणार पेटीचं?" मी विचारलं.

"काउंटरवर काचेत ठेवणार, ताई," ललित म्हणाला. त्याचा चेहरा खरंच आनंदला होता, तेच तर दुःख. "जुनं खानदानी काम आहे हे गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे ना. मी नवीन मशीन विकणार. दुरुस्तीला माणूस ठेवू."

"माणूस?" मी म्हणाले. "आणि मी कोण? मशीनचं पायडल?"

"पेटी पोराकडं जाती," आप्पा म्हणाले. "उद्या तू परत नांदायला गेलीस तर?"

"अकरा वर्षं झाली आप्पा! आता कोणाकडे नांदायला जाऊ, एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमणीकडे?"

मामा हसले आणि आईने त्यांना कोपर मारलं. आप्पा हसले नाहीत. मी म्हणाले, ठीक आहे, पेटी द्या त्याला. माझी हत्यारं तेवढी काढून घेते, परवा मला पेठकडच्या बायकांच्या शिवण केंद्रात अकरा मशीन करायच्या आहेत. तर आप्पा म्हणतात, पूजलेली पेटी आता दुकानाच्या मुहूर्ताला उघडायची. मुहूर्त दिवाळी पाडव्याचा. तोवर झाकणाला हात नाही.

त्या क्षणी मला इतका संताप आला की नारळ उचलून मीच फोडावा आणि तो कुठे फोडावा ते बोलून दाखवत नाही.  उठले, गाडीत जाऊन बसले, काच वर केली आणि रडले. भरपूर रडले. मागे चौदा खिसे, हत्यारं काढून घेतलेले सहा ड्रॉवर आणि पाठीशी ती गोधडी अंथरलेली जागा. माझ्याच हाताने मी माझी हत्यारं नेऊन दिली होती, देवाच्या नावाने. याचं जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी गाडी धुतली, तिला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. घरात जाऊन आप्पांच्या हातात आपट्याची पानं दिली. रीत ती रीत, मी सोडत नाही. आप्पा म्हणाले, "सोन्यासारखी राहा." मी म्हणाले, "लोखंडासारखी राहीन. सोन्याने पेच फिरत नाहीत." आणि बाहेर आले.

ललित मागे आला. "ताई, पेठचं काम पुढे ढकल ना. दिवाळीनंतर माझा माणूस जाईल."

"सोमवारी त्यांच्या मशीन सुरू व्हायच्या आहेत. दिवाळीच्या पिशव्यांची ऑर्डर आहे बायकांची."

"पण तुझ्याकडे हत्यार कुठंय?"

"ज्याची पूजा होत नाही ते सगळं माझ्याकडे आहे," मी म्हणाले.

आणि होतंच. आप्पांच्या लेखी हत्यार म्हणजे लोखंडाचं, मुठीचं. माझ्या खिशांतले ब्रश, कानस, पॉलिश पेपर, तेलाची कुपी, लोहचुंबक, यांच्याकडे पूजेच्या दिवशी कोणी ढुंकून बघितलं नव्हतं. त्याच दुपारी हार्डवेअरमधून दोन साधे पेचकस, एक पान्हा आणि पक्कड घेतली. एक पेचकस पाठीमागच्या धुण्याच्या दगडावर घासून घासून आखूड, बारीक केला. तास गेला, अंगठ्याला फोड आला. आप्पांच्या पेचकसासारखा झाला नाही, पण पेचात बसला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेठच्या अलीकडच्या पाड्यावर पोचले. तिथे रोहिणीताई म्हणून आहेत, बायकांचं शिवण केंद्र चालवतात. अकरा मशीन एका लांब खोलीत, अकरा बायका भिंतीला टेकून. रोहिणीताई माझ्यामागे बघत म्हणाल्या, "मिस्त्री नाही आले?"

"आलेत," मी म्हणाले आणि डिकी उघडली.

निम्म्या मशीनचा रोग एकच होता. बायकांनी तेल म्हणून खोबरेल घातलं होतं. केसाला चालतं म्हणजे मशीनलाही चालेल, असा हिशोब. आत सगळं चिकट राळ झालं होतं, दोऱ्याचा भुगा त्यात बसलेला. मी डब्यात जरा पेट्रोल घेतलं, दात घासायचा ब्रश काढला आणि बसले. ब्रशने जे निघालं नाही ते केसातल्या आकड्याने काढलं. दोन मशीनमध्ये सुई उलटी लावलेली. तिघींच्या मशीनच्या सुईखालच्या पत्र्यावर सुई आपटून ओरखडा पडला होता, म्हणून दोरा तुटायचा. नखाच्या कानशीने आणि पॉलिश पेपरने ती जागा गुळगुळीत केली. प्रत्येक वस्तू जागेवर होती. गाडीत हात घातला की हवं ते हातात यायचं, बघावंही लागत नव्हतं. कलाबाई म्हणून एक म्हातारी माझ्या गाडीतच डोकं घालून बसली होती. "ये बाये," ती म्हणाली, "तुजी गाडी हाय का मांडणी?"

शेवटच्या मशीनने मात्र घाम काढला. टायमिंगच गेलं होतं. सुई खाली जाऊन वर यायला लागली की शटलचं टोक सुईच्या डोळ्याच्या किंचित वर यावं लागतं. किती किंचित, ते मोजायला ती पितळी पट्टी. आणि पट्टी पेटीत, पेटी ललितकडे, ललित बोर्ड रंगवून घेतोय. अर्धा तास मी नुसत्या डोळ्याने खटपट केली. टाका पडायचा, सुटायचा. अकराव्या बाईच्या तोंडाकडे बघवेना. सगळ्यांच्या सुरू आणि हिचीच बंद. मनात आलंच, की आप्पा म्हणणार, बघितलंस?

कलाबाई दारात सूप घेऊन नागली, म्हणजे नाचणी, पाखडत होती. मी बघत राहिले. मग उठले, सुपातून चार दाणे घेतले. पट्टीची जाडी मला बोटांना पाठ होती, सहा वर्षं धरली होती ती. तीन दाणे टाकून दिले, चौथा बरोबर वाटला. तो दाणा सुईच्या डोळ्याच्या वर धरला, शटलचं टोक त्याच्या वरच्या कडेला आणलं, पेच आवळला. गाढवासारखा नाही, हळू. दोरा ओवला आणि त्या बाईला म्हणाले, बस, चालव.

टाका सरळ पडला. ती चालवतच राहिली, कापड संपलं तरी थांबेना. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. रोहिणीताईंनी चहा दिला, मी दोन कप प्यायले. तो नागलीचा दाणा लोहचुंबकाला चिकटणार थोडाच, तो चौदाव्या खिशात टाकला.

घरी आले तेव्हा अजून उजेड होता. आप्पा पडवीत खुर्चीवर. गाडी बंद करते ना करते तोच म्हणाले, "टायमिंग कशानं लावलं? रोहिणीबाईचा फोन होता. पट्टी तर पेटीत हाय."

"नागलीच्या दाण्याने."

त्यांनी डावा तळहात पुढे केला. मी खिशातून दाणा काढून त्यावर ठेवला. ते तो दाणा डोळ्यांजवळ नेऊन किती वेळ बघत होते. मग काठी टेकत उठले आणि गाडीजवळ आले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी आत नीट बघितलं. ड्रॉवर ओढून बघितला, रबर ताणून बघितलं. "ही माझ्या सायकलची ट्यूब." "हो." मग त्यांची नजर सीटमागच्या रिकाम्या जागेवर गेली. त्यांनी वाकून डावा हात आत घातला आणि वितीने मोजलं. एक वीत, दोन विती, वर चार बोटं. आडवं, एक वीत आणि तीन बोटं. चाळीस वर्षं ज्याने ती पेटी उचलली त्याला माप सांगावं लागत नाही.

"ही पेटीची जागा हाय," ते म्हणाले.

"होती," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा असा पडला की क्षणभर मला वाटलं, गप्प बसावं. पण किती वर्षं गप्प बसायचं? ते घराकडे वळून ओरडले, "ललित! पेटी आण बाहेर!"

ललित घाबरून बाहेर आला, मागे आई. मी हात आडवा केला. "नको आप्पा. पेटी त्याची झाली, त्याच्याकडेच राहू दे. त्याला काचेत ठेवायची आहे, ठेवू दे, छान दिसेल. मला नको. मी आज तिच्याशिवाय अकरा मशीन केल्या. या जागेत आता माझा जेवणाचा डबा आणि पाण्याचा कॅन बसेल. इतके दिवस पायाशी लोळायचे."

"अगं, मी देतोय ना आता," आप्पा म्हणाले. 

"तेव्हा द्यायची होती. सगळ्यांसमोर द्यायची होती." आडवा केलेला हात मी खाली घेतला नाही. "मला राग आहे तुमच्यावर आणि तो लवकर जाणार नाही. पण पुढची सीट रिकामी आहे. गुरुवारी विंचूरला चाललेय. यायचं असेल तर सात वाजता बसा. मी थांबणार नाही."

घरात गेले आणि भाकरी थापायला बसले. भाकऱ्या त्या दिवशी फार जोरात थापल्या गेल्या.

गुरुवारी पावणेसातला बाहेर आले तर आप्पा पुढच्या सीटवर बसले होते. टोपी, धुतलेलं धोतर, मांडीवर काठी. त्या दिवशीचा राग माझा शिल्लकच होता, त्यामुळे निफाडपर्यंत मी रस्त्याकडेच बघत गाडी हाणली. विंचूरला बाजारपेठेत एका जुन्या शिंप्याचं दुकान आहे. दत्तू टेलर म्हणतात त्यांना. आप्पांना बघून ते सुईदोरा टाकून उठले. "या या, मिस्त्री! किती वर्षांनी!" त्यांनी स्टूल पुसलं आणि मशीनजवळ आप्पांच्या पुढ्यात ठेवलं. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, बाकड्यावर बसलेली.

आप्पांनी काठीने ते स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"मिस्त्री ती हाय," ते म्हणाले, जरा मोठ्यानेच, बाकड्यापर्यंत जाईल असं. "मी नुसता फिरायला आलोय."

तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि दत्तू टेलरसमोर रडायची मला हौस नव्हती. गाडीजवळ गेले, वरच्या थरातला मधला ड्रॉवर ओढला, माझा घासलेला पेचकस काढला आणि स्टुलावर जाऊन बसले.